हॉक्सए१ लक्षणसमूह

हॉक्सए१ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यास होणारा दुर्मिळ जन्मजात विकार. त्याचे सौदी अरेबियात आढळलेले रूप बॉसली-सालिह-अलोरैनी लक्षणसमूह या नावाने ओळखले जाते. नेत्र-तंत्रिकातज्ज्ञ थॉमस बॉसली, बालतंत्रिकातज्ज्ञ मुस्तफा सालिह आणि क्ष-किरणतज्ज्ञ इब्राहिम अलोरैनी यांनी रियाधमध्ये त्याचा अभ्यास केला. रुग्णांची संख्या फार थोडी असली, तरी या विकाराचे महत्त्व मोठे आहे. प्राण्यांच्या भ्रूणांवरून बांधलेले तंत्रिका-शिखेविषयीचे, म्हणजे भ्रूणातील दूरवर प्रवास करणाऱ्या पेशींविषयीचे, ज्ञान माणसालाही लागू पडते, हे त्याने दाखवून दिले.

रियाधच्या डॉक्टरांपुढे आलेल्या मुलांचे डोळे वर-खाली फिरत, पण डावी-उजवीकडे वळत नसत. बाजूचे पाहण्यासाठी मूल मानच वळवी. बहुतेक मुले जन्मतः बहिरी होती आणि त्यांच्या आंतरकर्णाची रचनाच अपुरी होती. प्रतिमाचित्रणात याहून अनपेक्षित गोष्ट दिसली. मेंदूला रक्त पुरवणारी अंतर्गत कॅरोटिड रोहिणी काहींत एका बाजूला, तर काहींत दोन्ही बाजूंना अरुंद होती किंवा नव्हतीच. मेंदूचे पोषण मागच्या, मणक्यालगतच्या रोहिण्यांवर चालले होते. काही मुलांना हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांचे दोष होते, काहींत स्वमग्नता होती, तर काहींची बुद्धी सर्वसाधारण होती. डोळा, कान, गळ्याची रोहिणी आणि हृदय यांना जोडणारा धागा शोधायला भ्रूणाच्या चौथ्या आठवड्यात जावे लागते.

त्या सुमारास भ्रूणाच्या पाठीवरील तंत्रिका-पट्टाच्या कडा उचलल्या जातात आणि मिटून तंत्रिका-नलिका तयार होते. पट्ट आणि भावी त्वचा यांच्या सीमेवर ज्या पेशी निर्माण होतात, ती तंत्रिका-शिखा, म्हणजेच न्यूरल क्रेस्ट. विल्हेल्म हिस यांनी 1868 मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ती प्रथम ओळखली. या पेशी जन्मस्थान सोडून दूरवर जातात. चेहऱ्याची बहुतेक हाडे व कूर्चा, त्वचेतील रंगपेशी, संवेदी गंडिका, आतड्यातील चेतापेशी आणि अधिवृक्क ग्रंथीचा गाभा त्यांच्यापासून घडतो. हा प्रवास उलगडण्याचे मोठे श्रेय फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांचे. त्यांनी लाव्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात रोवून त्या कुठे पोहोचतात ते शोधले.

शिखा कुठे उगवायची हे संकेत-प्रथिने ठरवतात. बीएमपी, विंट आणि एफजीएफ यांची योग्य मात्रा योग्य वेळी मिळाली, तरच सीमेवरच्या पेशींत पॅक्स३, एमएसएक्स१, झिक१ ही जनुके जागी होतात. ती पुढे फॉक्सडी३, स्नाय२, सॉक्स९ आणि सॉक्स१० यांना चालना देतात. स्नाय२ पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांपैकी काहींची निर्मिती दाबते. पकड सैल झाली की पेशी नलिकेच्या माथ्यावरून सुटतात. वाटेतील इफ्रिन, सेमाफोरिन असे रेणू काही वाटा बंद करतात, त्यामुळे पेशींचे ओघ भ्रूणाच्या गळ्याजवळच्या आपापल्या ग्रसनी-कमानींत उतरतात.

पण आपण मानेजवळचे की पाठीचे, हे शिखापेशीला कसे कळते? येथे हॉक्स जनुके येतात. माणसात ती 39 असून चार गुणसूत्रांवरच्या समूहांत विभागलेली आहेत. समूहातील त्यांचा क्रम आणि शरीराच्या लांबीवर ती जिथे कार्यरत होतात तो क्रम एकच असतो. हॉक्सए१ सातव्या गुणसूत्रावरील समूहाच्या टोकाला असून सर्वांत आधी जागे होणाऱ्यांपैकी आहे. त्याला जागे करतो रेटिनोइक आम्ल, अ जीवनसत्त्वापासून बनणारा संकेत-रेणू. भ्रूणाच्या धडात तो तयार होतो, पुढच्या टोकाकडे मोडला जातो, आणि त्याच्या उतरत्या प्रमाणावरून पश्चमस्तिष्काचे, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाचे, खंड आखले जातात.

पिएर शाँबों यांच्या गटाने 1991 मध्ये आणि मारिओ कापेकी यांच्या गटाने 1992 मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे पश्चमस्तिष्क व आंतरकर्ण बिघडलेले होते आणि पिल्ले जन्मानंतर लवकरच दगावत. माणसातील दुवा 2005 मध्ये जुळला. बोस्टनमधील एलिझाबेथ एंगल यांच्या प्रयोगशाळेतील मॅक्स टिशफील्ड आणि रियाधचे डॉक्टर यांनी मिळून सौदी कुटुंबांत हॉक्सए१मधील दोष दाखवला. डीएनएत ग्वानिन हे एक जादा अक्षर घुसल्यामुळे जनुकाचे वाचन सरकते आणि प्रथिन अर्धवट राहते. एका तुर्की कुटुंबात आणि अमेरिकेतील नवाहो व अपाची मुलांमध्ये याच जनुकाचे वेगळे दोष निघाले. त्या अमेरिकी मुलांमध्ये श्वसनाचे केंद्रही दुबळे असते, सौदी मुलांत ते सहसा आढळत नाही.

यातील प्रत्येक लक्षण तंत्रिका-शिखेचे नाही, आणि ही विभागणी स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या सहाव्या मस्तिष्क-चेतेचे केंद्र पश्चमस्तिष्कात घडते आणि आंतरकर्ण त्याला लागून, म्हणून ते दोष मूळ आखणीचे. हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांचे दोष मात्र शिखेकडे बोट दाखवतात. मार्गारेट कर्बी यांनी 1983 मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील शिखेचा ठरावीक भाग काढला, तेव्हा महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांना विभागणारा पडदाच नीट बनला नाही. कॅरोटिडच्या भिंतीचे स्नायूही शिखापेशींतूनच येतात. पुढे कापेकी यांच्याच प्रयोगशाळेत हॉक्सए१ नसलेल्या उंदरांत खंडित महारोहिणी-कमान आणि फॅलॉटचे चतुर्दोष आढळले. हॉक्सए१ हृदयाकडे जाणाऱ्या शिखापेशींच्या पूर्वजांत, त्यांनी प्रवास सुरू करण्याआधी, कार्यरत असते. ते नसले की फॉक्सडी३ व झिक१ यांचे नियंत्रण बिघडते. दोष वाटेतला नसून उगमाचा आहे. मला या संशोधनातील ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

हॉक्सए१ला जागे करणाऱ्या संकेताची दुसरी बाजू औषधातून दिसली. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन हे रेटिनोइक आम्लाचेच रूप. गर्भारपणात ते घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांत कान, हृदय आणि मेंदूचे दोष 1985 मध्ये अमेरिकेत सविस्तर नोंदवले गेले. संकेत कमी पडला तरी आणि अति झाला तरी इजा जवळजवळ त्याच अवयवांना होते. हे औषध भारतातही मिळते. गर्भधारणेची शक्यता असताना ते घेऊ नये, या सूचनेकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

विकार अप्रभावी आनुवंशिकतेने येतो. आईवडील दोघेही वाहक असून निरोगी असतात आणि प्रत्येक गर्भारपणात धोका 25 टक्के असतो. सौदी अरेबियात निम्म्याहून अधिक विवाह नात्यात होत असल्याचे 1990च्या दशकातील पाहणीत आढळले होते. त्यामुळे असे अनेक दुर्मिळ विकार तेथे प्रथम ओळखले गेले. मामेबहिणीशी लग्नाची रीत महाराष्ट्रातही आहे, तेव्हा हा हिशेब परका नाही. सौदीत 2004पासून विवाहपूर्व रक्ततपासणी सक्तीची आहे, पण तिचा भर सिकलसेल व थॅलेसेमियावर आहे. इतका दुर्मिळ दोष तिच्यात सापडत नाही, तो सहसा कुटुंबातील पहिल्या मुलाच्या निदानानंतरच शोधला जातो. म्हणून डोळे बाजूला न वळणाऱ्या बाळाची श्रवणचाचणी, हृदयाची सोनोग्राफी आणि मानेच्या रोहिण्यांचे चित्रण, विशेषतः एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी, करून घ्यावे आणि पालकांना जनुकीय समुपदेशन मिळावे.