नववा गडी

४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातल्या सोलुक तळावरून अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने इटलीतल्या नेपल्स बंदरावर निघाली. त्यातल्या एकात नऊजण होते. या गड्यांची ही पहिलीच मोहीम.

परतताना रात्र झाली. त्यांनी बिनतारी यंत्रावरून दिशा विचारली. उत्तर आले, पण तळ पुढे आहे की मागे पडला, ते त्यावरून उमगेना. इंधन संपत आले तेव्हा नऊहीजणांनी हवाई छत्र्या घेऊन उड्या टाकल्या. खाली समुद्र नव्हता, वाळवंट होते. शोध मात्र समुद्रात झाला!

१९५८ साली तेलाच्या शोधात फिरणाऱ्यांना ते विमान दिसले. तळापासून सुमारे ७०० किलोमीटर आत. आत पाणी होते, बिनतारी यंत्रही चालण्याजोगे होते. आणि हे बिचारे उलट दिशेला, उत्तरेकडे चालत गेले.

एकाची छत्री नीट उघडलीच नव्हती. उरलेले आठजण अर्ध्या बाटलीभर पाण्यावर आठवडाभर चालले. सहवैमानिकाच्या रोजनिशीत ते सारे आहे. पाचजण थकून बसले. तिघे मदत आणायला पुढे गेले. १९६० मध्ये त्या तिघांपैकी दोघे सापडले. तिसरा, ओहायोचा व्हर्नन मूर, सापडला नाही.

ट्युनिशियात कार्थेजला बेपत्ता सैनिकांच्या नावांची दगडी भिंत आहे. मूरचे नाव तिच्यावर आहे.