पंचरंगी सामने कशामुळे बंद पडले?

बंद पडलेल्या स्पर्धेचा इतिहास लिहायचाय? मग शेवटच्या तारखेवर लगेच कारण चिकटवू नका.

आपल्या मुरुडला संघ पडतात आळीवाडीवरून. मुंबईत एकेकाळी ते धर्मावरून पडत. 1907 साली युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी क्रिकेट सामने सुरू झाले. 1912ला मुसलमान आले, चौरंगी झाले. 1937ला उरलेल्यांचा ‘रेस्ट’ संघ आला, पंचरंगी. (गंमत म्हणजे त्याच वर्षी ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या जागांच्या वाटपावरून हिंदू संघ खेळलाच नाही!)

डिसेंबर 1940 मध्ये गांधीजी म्हणाले की कॉलेजांचे, संस्थांचे सामने समजू शकतात, पण धर्मावरचे संघ कशाला? बरेच जण इथेच थांबतात: गांधी बोलले, स्पर्धा संपली. पण शेवटची स्पर्धा 1945-46 च्या हंगामातली आहे, बरं का.

‘पर्याय नव्हता’ हेही टिकत नाही. रणजी 1934ला, तर विद्यापीठांची रोहिंटन बारिया 1935ला सुरू झालेली. दोन्ही असताना लोक गर्दी करायचे ती पंचरंगीला. माझ्या मते तिला जगवलं ते या गर्दीनं.

मग राजकारणानं मारलं? तेवढंही पुरत नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात, 1930 ते 33, सामने झाले नव्हते. 1934ला पुन्हा सुरू झाले. तेव्हाचा खंड आंदोलनापुरता होता. 1946 नंतर मात्र ज्या रेषेवर संघ पडायचे, त्याच रेषेवर देशाची फाळणी झाली.