पेशी-सांगाडा आणि हाडाचा कर्करोग

पेशी-सांगाडा : पेशीच्या आतले प्रथिनतंतूंचे जाळे. ॲक्टिनचे तंतू (जाडी सुमारे ७ नॅनोमीटर), मधले तंतू (सुमारे १०) आणि ट्युब्युलिनच्या सूक्ष्मनलिका (सुमारे २५) हे त्याचे घटक. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. पेशीचा सांगाडा मात्र त्या कमानींसारखा एकदाच बसवलेला नसतो. तो सतत मोडतो, सतत बांधला जातो, म्हणून पेशी सरकू शकते. कर्करोगात हाच गुण घात करतो.

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा वाढत्या वयात, गुडघ्याजवळ होतो आणि रक्तावाटे मुख्यतः फुफ्फुसांत पसरतो. गाठीतून सुटणाऱ्या पेशीत पुढच्या कडेला ॲक्टिन वाढून पेशीपटल पुढे रेटते, मायोसिन हे प्रथिन मागची बाजू ओढून घेते. ॲक्टिनला पटलाशी बांधते ते एझ्रिन हे प्रथिन. चांद खन्ना व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, एझ्रिन दाबले तर उंदरांच्या फुफ्फुसांतला प्रसार रोखला जातो. फुफ्फुसात पोचलेली पेशी पहिले काही दिवस तगते ती एझ्रिनच्याच आधाराने. एझ्रिन रोखणारी रसायने उंदरांवर उपयोगी ठरली, रुग्णांच्या औषधापर्यंत मात्र पोचलेली नाहीत.

सांगाड्यावर चालणारे जुने औषध मावळातल्या अंगणाअंगणांत फुललेले असते. सदाफुलीतले व्हिन्क्रिस्टिन सूक्ष्मनलिका बांधू देत नाही, त्यामुळे पेशीचे विभाजन अडते. मज्जातंतूंतली वाहतूकही याच नलिकांवरून चालते, म्हणून हे औषध घेणाऱ्याच्या हातापायांना मुंग्या येतात. युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कर्करोगात ते वापरतात. सदाफुलीचा पाला घरी उकळून पिणे मात्र धोक्याचे आहे.

ऑस्टिओसार्कोमाचे उपचार आजही शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी हेच. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या ओजीएस-१२ पद्धतीत डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन व आयफॉस्फामाइड देतात; मोठ्या मात्रेतले मेथोट्रेक्सेट टाळतात, कारण त्यासाठी रक्तातली पातळी सतत मोजावी लागते. यांतले एकही औषध मुळात सांगाड्यावर नेम धरून दिलेले नाही. नेमकी इथेच संशोधनाची मोठी उणीव आहे.

वाढत्या मुलाचा गुडघा पडल्या-लागल्याशिवाय दुखत असेल, रात्री कळ वाढत असेल, सूज उतरत नसेल, तर हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका. आधी एक्स-रे काढा.