पुरलेल्या खेळांचें मोल

जुनें तें सोनें, ही म्हण खरी. परंतु जुनें झालेलें सर्वच सोनें होत नाहीं. अमेरिकेंतील व्हिडिओ गेमांचा इतिहास ह्याची उत्तम साक्ष देतो.

१९८२ च्या डिसेंबरांत अटारी कंपनीनें 'ई. टी.' ह्या गाजलेल्या चित्रपटावर आधारलेला खेळ बाजारांत आणला. नाताळचा हंगाम साधावयाचा म्हणून रचनाकार हॉवर्ड वॉर्शॉ ह्यांस अवघे पांच आठवडे मिळाले. खेळ फसला, माल पडून राहिला, आणि १९८३ सालीं कंपनीस ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. त्याच वर्षीं न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो येथें ह्या व इतर खेळांच्या कार्ट्रिज-डब्या ट्रक भरून नेऊन कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरण्यांत आल्या.

२६ एप्रिल २०१४ रोजीं तो खड्डा उकरण्यांत आला. सुमारें १३०० डब्या वर निघाल्या. त्यांतील बऱ्याचशा नगरपालिकेनें लिलांवांत विकल्या आणि एक लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम मिळविली. एक डबी तर स्मिथसोनियन संग्रहालयांत जाऊन बसली. खेळ होता तसाच वाईट राहिला. मोल आलें तें त्याच्या कथेला.

दुसरें उदाहरण ह्याच्या उलट आहे. जपानच्या निंटेंडो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ सालीं निघाला आणि त्याच्या कोट्यवधि प्रती खपल्या. वेष्टण फाडून खेळावयास बसणें हाच मुलांचा धर्म. म्हणून न फाडलेलें वेष्टण दुर्मिळ झालें. १९८६ च्या नाताळांत भेट म्हणून घेतलेली एक प्रत मेजाच्या खणांत विसरून राहिली होती. एप्रिल २०२१ मध्यें तिला लिलांवांत ६ लक्ष ६० हजार डॉलर आले. त्याच वर्षीं जुलैंत 'सुपर मारिओ ६४' ह्या खेळाची मोहोरबंद प्रत १५ लक्ष ६० हजार डॉलरांस गेली.

ह्या भावाच्या मुळाशीं एक व्यवस्था आहे. परीक्षक संस्था प्रतीची स्थिति पाहून दहापैकीं गुण देते व तिला पारदर्शक पेटींत बंद करते. विकली जाते ती पेटी आणि तिच्यावरील गुण. आंतील खेळ चालतो कीं नाहीं, हें पाहण्याची सोय नाहीं. पेटी फोडली कीं मोल गेलें. असा व्यवहार सर्वस्वीं परस्परांच्या विश्वासावर उभा असतो. २०२१ नंतर ह्या बाजाराचा ज्वर बराच उतरला, ह्यांत म्हणून नवल नाहीं.

खणांतील ती प्रत कोणी ठेव म्हणून जपली नव्हती. ती केवळ विसरली गेली होती. आज मात्र भाव वाढेल ह्या आशेनें हजारों लोक नवे खेळ न उघडतां कपाटांत ठेवतात. जें सर्वांनींच जपलें, तें दुर्मिळ कसें व्हावें? घरची शिल्लक अशा डब्यांत घालणाऱ्यानें हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा. खेळाची आवड असेल, तर त्यानें डबी उघडून मुलांपुढें ठेवावी. तेवढा लाभ तरी निश्चित आहे.