भूक मारणारी गोळी आणि मेंदू

गांजातील नशा आणणारा मुख्य घटक, टीएचसी, राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये १९६४ साली वेगळा केला. तो मेंदूत नेमका कुठे काम करतो याचा उलगडा व्हायला आणखी चोवीस वर्षे लागली. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांना उंदराच्या मेंदूत टीएचसीसारखी द्रव्ये धरून ठेवणारा ग्राही सापडला. पुढे त्याला सीबी-१ हे नाव मिळाले. गांजा ओढल्यावर खा-खा सुटते, हे गांजेकसांना कुणी सांगावे लागत नाही. मग हाच ग्राही बंद केला तर भूक मरेल, हा तर्क सरळ होता. सानोफी या फ्रेंच कंपनीच्या संशोधकांनी १९९४ मध्ये तसा रेणू जाहीर केला. तोच रिमोनाबँट.

तर्क सरळ असला तरी अपुरा होता. सीबी-१ केवळ भुकेच्या केंद्रात नसतो. स्मृती, भीती आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागांतही तो दाटीने आढळतो. चेतापेशी फार उत्तेजित झाली की ती स्वतःच गांजासदृश द्रव्ये तयार करते. ही द्रव्ये उलट दिशेने जाऊन संदेश पाठवणाऱ्या पेशीवरील सीबी-१ला चिकटतात आणि संदेशांचा मारा कमी करतात. ही उलटी वाट २००१ मध्ये स्पष्ट झाली. हा लगाम नसलेल्या उंदरांची भीती लवकर ओसरत नाही आणि त्यांना झटके अधिक तीव्र येतात, हेही पुढच्या दोन वर्षांत दिसले. म्हणजे औषध बाजारात येण्याआधीच धोक्याची दिशा कळलेली होती.

चाचण्यांमध्ये रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे वजन वर्षभरात नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे पाच किलोने अधिक घटले. जून २००६ मध्ये युरोपने रिमोनाबँटला ‘अकॉम्प्लिया’ या नावाने परवानगी दिली. चक्कर, निद्रानाश, मुंग्या येणे, हात थरथरणे, चिंता आणि औदासीन्य अशा तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. चाचणीत रिमोनाबँट घेणाऱ्या एका रुग्णाला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाल्याचा अहवाल २००४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण तो दुर्लक्षिण्याजोगाही नव्हता.

अमेरिकेची औषध-सल्लागार समिती जून २००७ मध्ये बसली, तेव्हा झटके आणि आत्महत्येचे विचार हे दोन्ही मुद्दे पुढे आले. १४ विरुद्ध शून्य मतांनी औषध नाकारले गेले. गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना मोठ्या चाचण्यांतून आधीच वगळले होते, ही त्यातली खरी मेख. लठ्ठ माणसांमध्ये औदासीन्य काही दुर्मीळ नाही. त्यामुळे दवाखान्यात येणारा रुग्ण चाचणीतल्या निवडक रुग्णासारखा असेलच असे नव्हते. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने मानसिक विकारांचा धोका जवळपास दुपटीने वाढतो असे सांगून विक्री थांबवण्याची शिफारस केली. हृदयविकारासाठी चाललेली, १८,६९५ जणांची चाचणीही मध्येच बंद पडली. तीत रिमोनाबँट घेणाऱ्या चौघांनी आणि नकली गोळी घेणाऱ्या एकाने आत्महत्या केल्याची नोंद आहे. मर्क आणि फायझर यांनीही त्याच सुमारास आपापली अशी औषधे सोडून दिली. भारतात या औषधावर डिसेंबर २००९ मध्ये बंदी आली.

त्यानंतरचा प्रयत्न मेंदूत फारसे न शिरणारे, यकृत आणि चरबीच्या पेशींपुरते काम करणारे रेणू बनवण्याचा आहे. नोव्हो नॉर्डिस्कने २०२३ मध्ये इन्व्हर्सागो ही कंपनी घेतली, ती अशाच मॉनल्युनाबँट या औषधासाठी. २०२४ च्या चाचणीत १० मिलिग्रॅमच्या मात्रेने १६ आठवड्यांत ७.१ किलो वजन घटले, तर नकली गोळीने ०.७ किलो. पण मज्जासंस्थेशी आणि मनाशी निगडित तक्रारी सौम्य ते मध्यम स्वरूपात येथेही आल्या आणि मात्रा वाढेल तशा वाढत गेल्या.