जिनीव्हाची ‘मंगळभाषा’ आणि निरीक्षकाचे ताटस्थ्य

अलौकिक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घटनांच्या चिकित्सेत ताटस्थ्य म्हणजे अलिप्तपणा, असे बहुधा गृहीत धरले जाते. निरीक्षकाने दूर उभे राहावे, काही मानू नये, काही सुचवू नये, म्हणजे सत्य आपोआप हाती येते, अशी ही समजूत. १८९४ ते १८९९ या काळात जिनीव्हा येथे झालेल्या एका दीर्घ शोधाचा इतिहास या समजुतीस पोषक नाही. त्या शोधातील पुरावा मुख्यतः भाषेचा असल्यामुळे भाषाभ्यासकांस तो विशेष उद्बोधक ठरावा.

जिनीव्हा विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक तेओदोर फ्लुर्न्वा (१८५४–१९२०) यांना डिसेंबर १८९४ मध्ये प्रेतात्मवाद्यांच्या एका बैठकीत प्रवेश मिळाला. तेथील माध्यम म्हणजे एका व्यापारी पेढीत नोकरी करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या बाई होत्या. फ्लुर्न्वांनी आपल्या लेखनात त्यांना एलेन स्मिथ हे टोपणनाव दिले व तेच पुढे रूढ झाले. बैठकींचा मोबदला त्या घेत नसत. तेव्हा लोभाने केलेली फसवणूक हे सोपे उत्तर येथे लागू पडत नव्हते. फ्लुर्न्वांच्या जन्मापूर्वीच्या त्यांच्या घरातील काही गोष्टी एलेन यांनी सांगितल्या, तेव्हा ते चकित झाले. मागाहून चौकशी करता दोन्ही कुटुंबांचा पूर्वी काही काळ परिचय असल्याचे आढळले. विस्मय नाकारायचा नाही, परंतु त्यापाशी थांबायचेही नाही, ही त्यांची रीत या पहिल्या प्रसंगापासून दिसते. सर्व काही संभवनीय आहे, हे त्यांचे एक तत्त्व. आणि घटना जितकी विलक्षण तितका पुरावा वजनदार हवा, हे दुसरे. पहिल्यास त्यांनी हॅम्लेटचे व दुसऱ्यास लाप्लासचे नाव दिले होते.

समाधिस्थितीत एलेन स्वतःस सिमंदिनी नावाची राजपत्नी म्हणवीत. तिचा पती सिव्रूका नायक हा कानडा प्रांताचा राजा. त्याने १४०१ मध्ये चंद्रगिरी किल्ला बांधला, असा वृत्तांत होता. या सिव्रूकाचा पुनर्जन्म म्हणजे स्वतः फ्लुर्न्वाच, असेही सांगण्यात आले! ज्याने बाहेर राहून पाहायचे तोच कथेचा नायक झाला. फ्लुर्न्वांनी ही अवघड गोष्ट ग्रंथातून वगळली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इतिहासज्ञांकडून माहिती मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतः जुनी पुस्तके चाळली. अखेर द मार्लेस यांच्या १८२८ मधील हिंदुस्थानच्या इतिहासात किल्ला, राजाचे नाव व १४०१ हे साल, तिन्ही एकत्र सापडली.

आज कासरगोडजवळ असलेला चंद्रगिरी किल्ला सतराव्या शतकातील असून त्याचे श्रेय केळदीच्या शिवप्पा नायकास दिले जाते. द मार्लेस यांचा ‘सिव्रूका’ बहुधा हाच. तसे असेल तर १४०१ हे साल दोनशे वर्षांहून अधिक चुकले आहे. केळदीचे राज्यच त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी उदयास आले. पूर्वजन्माच्या स्मृतीने छापील पुस्तकातील चूक जशीच्या तशी उचलावी, ही गोष्ट पुस्तक सापडण्याहूनही अधिक बोलकी आहे. तथापि ते पुस्तक एलेन यांच्या दृष्टीस केव्हा पडले, हे फ्लुर्न्वांना सिद्ध करता आले नाही, आणि त्यांनी तसे नमूद केले. विसरलेले वाचन नव्या अनुभवाच्या रूपाने परत येते, ही त्यांची गुप्तस्मृतीची कल्पना येथे अनुमानच राहिली.

राणीच्या ‘संस्कृत’ची तपासणी जिनीव्हातील संस्कृतचे अध्यापक फेर्दिनां द सोस्यूर यांनी केली, १८९७ मध्ये ते एका बैठकीस स्वतः उपस्थित होते. त्यांना काही तुकडे निःसंशय संस्कृत वाटले, परंतु अखंड वाक्यरचना दिसली नाही. ‘गणपतिनामा’ हा शब्द याचे चांगले उदाहरण. त्याचा अर्थ ‘गणपती नावाचा’. प्रसंगास अनुरूप असा ‘गणपतीच्या नावाने’ हा अर्थ हवा तर ‘गणपतिनाम्ना’ पाहिजे. सोस्यूरांनी आणखी एक गोष्ट टिपली: या उक्तींत फ्रेंचमधील दंतोष्ठ्य घर्षक ‘फ’ कोठेच येत नाही, आणि संस्कृतातही तो नाही. अनुकूल दिसणारा हा मुद्दाही त्यांनी दडपला नाही.

मंगळावरील भाषेचे प्रकरण याहून सरळ होते. १८९६ पासून अवतरलेल्या या भाषेचे ध्वनी फ्रेंच, पदक्रम फ्रेंच. फ्रेंचमध्ये क्रियापद व सर्वनाम यांमध्ये उच्चारसौकर्यासाठी येणाऱ्या ‘त’काराच्या जागी येथे ‘म’कार येई. शब्द तेवढे नवे होते. ऑक्टोबर १८९८ मध्ये फ्लुर्न्वांनी हे आक्षेप एलेन यांच्यापुढे मांडले. तीन आठवड्यांच्या आतच दुसऱ्या, अधिक दूरच्या ग्रहाचे दर्शन व त्याची नवी भाषा अवतरली. तिची रचना फ्रेंचशी जुळू नये अशी जणू काळजी घेतलेली होती. टीकेने घटना थांबली नाही, उलट नवी घटना जन्मास आली. आपल्या बोलण्याचा हा परिणाम फ्लुर्न्वांनी तारखांसह नोंदविला. त्यांचे ताटस्थ्य असेल तर ते या हिशेबात आहे. दूर उभे राहणे त्यांना कधीच साधले नव्हते.

पुढे १९०१ मध्ये पॅरिसचे भाषाशास्त्रज्ञ व्हिक्तोर आंरी यांनी मंगळभाषेचे शब्द फ्रेंच, जर्मन, हंगेरियन इत्यादी भाषांतून आल्याचे दाखविणारा ग्रंथ लिहिला. (एलेन यांचे वडील हंगेरियन होते.) संस्कृतातील ‘फ’चा अभाव त्यांनी असा उलगडला की, ‘फ्रेंच’ या शब्दाचाच तो आद्यवर्ण असल्याने एलेन यांचे अबोध मन तो टाळीत असावे. वर्णांची हवी तशी उलटापालट मान्य केली की कोणताही शब्द कोणत्याही भाषेतून काढता येतो. आंरींस अलौकिकाचा मोह नव्हता, उलगड्याचा होता. आणि त्यापुढे पुराव्याचे वजन पाहण्याचा नियम त्यांच्या हातून सुटला. द मार्लेसची कडी जुळत नाही म्हणून ती मोकळी ठेवणारे फ्लुर्न्वा येथे अधिक विश्वासार्ह वाटतात.

त्यांचा ‘हिंदुस्थानापासून मंगळ ग्रहापर्यंत’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस निघाला व फार गाजला. ज्यांच्या अनुभवावर तो उभा होता त्या एलेन मात्र दुखावल्या. आपल्या दर्शनांस बालपणीच्या कल्पनांचे अवशेष ठरविलेले त्यांस रुचले नाही. एका धनिक अमेरिकन महिलेने आर्थिक आधार दिल्यावर त्यांनी नोकरी सोडली, विद्वानांपुढे बसणे बंद केले आणि पुढील आयुष्यात त्या समाधिस्थितीत धार्मिक चित्रे रंगवीत राहिल्या. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले.