पाहुणे मोजायचे कोणी?

१९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुले झाले. त्या वर्षी तेथे ५२७ पर्यटक गेल्याची नोंद आहे. २०१८ साली हा आकडा सव्वातीन लाखांच्या पुढे गेला आणि २०२२ मध्ये पाच लाखांच्याही वर पोहोचला. २०११च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. म्हणजे वर्षभरात घरच्यांपेक्षा पाहुणेच जास्त!

मग हे पाहुणे फार झाले का? प्रश्न सोपा वाटतो. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी काय मोजायचे आणि कोणी मोजायचे, हे ठरवावे लागते. या मोजमापालाही इतिहास आहे. तो आपण थोडक्यात पाहू.

सुरुवात झाली ती कुरणांपासून. एखाद्या कुरणात किती गुरे चारली तर गवत पुन्हा पुन्हा उगवत राहील, याचा हिशेब कुरणांचे अभ्यासक पूर्वीपासून करत आले आहेत. त्या संख्येला ‘धारणक्षमता’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत गर्दी वाढू लागली, तेव्हा हीच कल्पना माणसांना लावून पाहण्यात आली. १९६४ साली जे. ॲलन वॅगर यांनी या विषयावर निबंध लिहिला. गुरांचे गणित माणसांना जसेच्या तसे लागू पडत नाही, असे त्यांना दिसले. आपल्यालाही ते सहज पटेल. पन्नास माणसे नीट वागली तर मागे फारशी खूण राहत नाही, आणि दोनच बेपर्वा माणसे झरा नासवू शकतात. शिवाय ‘किती गर्दी चालेल?’ याचे उत्तर ती जागा आपल्याला कशासाठी राखायची आहे, यावर अवलंबून असते. ते ठरवणे हे एकट्या शास्त्राचे काम नव्हे.

१९८५ साली अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधकांनी प्रश्नच बदलला. ‘किती माणसे चालतील?’ असे न विचारता त्यांनी विचारले, ‘किती बदल चालेल?’ आधी चालण्याजोगा बदल ठरवायचा, तो ओळखण्यासाठी काही खुणा निवडायच्या, त्या ठराविक काळाने तपासायच्या आणि मर्यादा ओलांडली गेली तर उपाय करायचा. अशा खुणांना ‘निर्देशक’ म्हणतात. १९९२ च्या रिओ परिषदेत शाश्वत विकासासाठी निर्देशक तयार करण्याचे आवाहन झाले. १९९६ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेने शाश्वत पर्यटनाच्या निर्देशकांवर मार्गदर्शिका काढली. २००४ मध्ये तिची मोठी, सुधारित आवृत्ती आली.

पण निर्देशकांची यादी हाती आली म्हणून काम भागत नाही. थंड प्रदेशात तर नाहीच. ते का, हे लडाखच्या उदाहरणावरून पाहू.

लेह शहर सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. शेती होते ती वरच्या बर्फाच्या आणि हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर. पिकाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. पर्यटकही बहुतेक याच महिन्यांत येतात. म्हणजे जवाला पाणी हवे तेव्हाच स्नानगृहातही पाणी हवे. आता कोणी वर्षभराची सरासरी काढली, तर ही ओढाताण तीत दिसणारच नाही. हिवाळ्याचे रिकामे महिने ती झाकून टाकतील.

दुसरी गोष्ट कुजण्याची. थंडीत सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. आपल्याकडे काही आठवड्यांत कुजणारा पदार्थ तेथे कितीतरी अधिक काळ तसाच पडून राहतो. लडाखी घरांतले पारंपरिक संडास म्हणूनच कोरडे असतात. मैल्यावर माती आणि राख टाकतात आणि त्याचे खत पुढे शेतात जाते. पाहुण्यांच्या सोयीसाठी पाण्याचे संडास आले की दोन बाजूंनी तोटा होतो. पाणी खर्च होते आणि शेताचे खतही जाते. शिवाय तो मैला शोषखड्ड्यातून झऱ्यांच्या वा बोअरवेलच्या पाण्यात उतरण्याची भीती असते. गावाला पाहुणे किती झेपतील, हे त्यामुळे ते कसे राहतात यावरही ठरते.

हे बारकावे कोणाला ठाऊक असतात? जे बारा महिने तेथे राहतात त्यांना. लडाखी गावांना मोजण्याची सवयही जुनी आहे. अनेक गावांत पाण्याची पाळी सांभाळणारा ‘चुरपोन’ असतो. कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी मिळेल, हे तो पाहतो. प्रवाह घटला की ते सर्वांत आधी त्याच्या ध्यानात येते. त्याच्याकडे यंत्र नाही, पण नोंद ठेवणारे डोळे आहेत आणि गावाने दिलेला अधिकारही आहे.

पर्यटनाच्या बाबतीत ही सवय कामी आली ती हिमबिबट्यामुळे. हेमिस राष्ट्रीय उद्यानात गावेही आहेत. हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरला तर एका रात्रीत अनेक शेळ्या-मेंढ्या मारतो. चिडलेले गावकरी त्याला मारू पाहत. त्याच दऱ्यांमधून पर्यटकांचे तांडे तंबू आणि शिधा घेऊन जात. त्यांची घोडी गावच्या कुरणात चरत, मात्र गावाच्या हाती पैसा फारसा पडत नसे. रॉडनी जॅक्सन आणि रिंचेन वांगचुक या अभ्यासकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून गावकऱ्यांबरोबर बैठका घेतल्या. गावात चांगले काय आहे, कोणते गोठे धोक्याचे आहेत, पुढे काय व्हावे, हे गावकऱ्यांनीच सांगायचे आणि योजनाही त्यांनीच आखायची, अशी ही पद्धत होती. मरखा दरीत गोठे पक्के करताना दगड आणि श्रम गावाचे होते. छतासाठी जाळी आणि दारे बाहेरून आली.

२००२ साली याच प्रदेशात पाहुण्यांना घरी उतरवण्याची योजना सुरू झाली. रुंबाक हे त्यातले एक गाव. पाहुणे कोणत्या घरी जाणार हे पाळीने ठरते, अगदी पाण्याच्या पाळीसारखे. मिळकतीतला दहावा हिस्सा गावाच्या संवर्धन निधीत जातो. आता पाहा, पाळी आणि निधी सांभाळायचा तर कोणाकडे किती पाहुणे राहिले आणि किती पैसे आले, याचा हिशेब ठेवावाच लागतो. निव्वळ पर्यटकसंख्येत कधीच न दिसणारी माहिती त्यातून मिळते : पैसा एकाच घरी साचतो की सर्वांना मिळतो? मोजणारा आणि ज्याचे बरेवाईट व्हायचे तो येथे एकच आहे.

अर्थात याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ज्याचे पोट पाहुण्यांवर अवलंबून आहे, त्याला नुकसान कमी दिसण्याचा संभव असतो. झऱ्याच्या पाण्यातले नायट्रेट किंवा जंतू डोळ्यांनी दिसत नाहीत. तेथे प्रयोगशाळाच हवी. लेहसारख्या शहरात शेकडो हॉटेले आहेत आणि जमिनीखालचे पाणी सर्वांचे एकच. त्याचा हिशेब एका गावाला जमणार नाही. तेथे प्रशासनाला उतरावे लागेल. उलट, बाहेरच्या आकड्यांवरच विसंबले तरी फसगत होते. १९९९ साली कारगिलच्या युद्धामुळे पर्यटक घटले. तो आकडा युद्धाविषयी सांगतो. झऱ्यांविषयी काहीच सांगत नाही.

म्हणून दोन्ही मोजमापे जोडावी लागतात. काय जपायचे आणि कोणता बदल खपवून घ्यायचा नाही, हे गावाने ठरवावे. डोळ्यांना न दिसणारे शास्त्राने दाखवावे. आणि दोघांच्या नोंदी गावासमोर वाचल्या जाव्यात. नोंदी दूरच्या कचेरीत पडून राहिल्या, तर गावाने मोजून काय मिळवले?

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. आपल्या परिसरात जेथे पाहुणे येतात असे ठिकाण निवडावे, मग तो किल्ला असो, देवस्थान असो की धबधबा. तेथे राहणाऱ्यांना विचारावे, ‘बदल झाला हे तुम्ही कशावरून ओळखता?’ जी उत्तरे येतील, त्यांतली कोणती मोजता येतील आणि कशी, याची चर्चा करावी. निर्देशक म्हणजे काय, हे त्यातून व्याख्येशिवाय समजेल.